जमत नाही की करू दिलं नाही? स्पेशल शाळेच्या एका ॲडमिशनची पूर्ण केस

ही केस लिहायची परवानगी पिल्लूच्या आईबाबांकडून घेतलीये. नावं काढलीत, शाळांची पण काढलीत. घरात त्याला सगळे पिल्लूच म्हणतात म्हणून मी पण तेच लिहिते. मी विशेष शिक्षिका आहे, या कामात १४ वर्षं झाली, राहायला ऐरोली. एवढ्या वर्षांत फॉर्म भरून देण्याचं काम शेकड्याने केलं असेल, तरी या केसमध्ये मी एक चूक केली आणि त्यात या कुटुंबाचे जवळजवळ दोन महिने गेले, म्हणून ती सगळी नीट लिहून ठेवायचीये.

पिल्लू तेव्हा सात वर्षांचा होता. घर कोपरखैरण्याला, बाबा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी कामगार, आई घरी, आजी मूळची कोरेगाव तालुक्यातली, आणि एक धाकटी बहीण. पिल्लूला ऑटिझम आहे, सोबत बौद्धिक अक्षमता पण. शब्द चारच, पाणी, चल, नको आणि आज्जी. मिक्सर लावला की कानावर हात. बाबा मार्केटमधून गोणीचे तुकडे आणतात, त्याचे दोरे एकेक करून ओढून काढायला त्याला भयंकर आवडतं, तासभर बसतो त्यात, आणि ओढलेले दोरे एका बाजूला सरळ लावून ठेवतो. आईला याची लाज वाटायची, पाहुणे आले की ती गोणी पलंगाखाली सरकवायची.

सुरुवात झाली दिवाळीच्या सुट्टीच्या आधी. तो पहिलीत होता, नेहमीच्या खासगी शाळेत, आणि शाळेने आईबाबांना बोलावून सांगितलं की याला आता स्पेशल स्कूलमध्ये टाका, आम्हाला झेपत नाहीये, दाखला तयार ठेवतो. बाबा थेट मार्केटमधून आले होते, रात्रपाळी करून, झोप नाही, त्यांनी मान डोलावली आणि दाखल्याच्या अर्जावर सही करणार तेवढ्यात आईने शेजारच्या ताईंना फोन केला आणि त्यांनी मला.

मी पहिलं वाक्य हेच बोलले की दाखला घेऊ नका. नवीन शाळेची सीट हातात आल्याशिवाय जुन्या शाळेतून नाव काढायचं नाही, कारण एकदा नाव काढलं की मूल घरी बसतं आणि ‘चार दिवस’ म्हणता म्हणता वर्ष जातं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मला राग येतो. आणि शाळा काढूही शकत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम १६ मध्ये स्पष्ट आहे की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आठवीपर्यंत. दिव्यांग मुलांसाठी वेगळा कायदा आहे, २०१६ चा, त्याचं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती म्हणजे आईबाबांची, शाळेची नाही. बाबांना हे दोनदा समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आमी नाय म्हणलं तर त्यांना ठेवावंच लागंल?" हो, ठेवावंच लागेल.

मग प्रश्न आला की ठेवायचं का. मी स्वतः शक्यतो नेहमीच्या शाळेच्या बाजूने असते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून विशेष शिक्षक येतात, वर्गात बदल करता येतात, मुलं मुलांकडून शिकतात. पण मी एक दिवस जाऊन पिल्लूला वर्गात बघितलं. शेवटचा बाक, खिडकीशेजारी, बाजूला मावशी बसलेल्या, हातात एक वही जिच्यात पूर्ण वर्षात काही लिहिलेलं नव्हतं. कोणी त्याला त्रास देत नव्हतं. कोणी त्याला हाकही मारत नव्हतं. आईला विचारलं तुम्हाला काय वाटतं, तर म्हणाली, "मॅडम, तिथं तो फक्त बसतो." त्या वाक्यावर निर्णय झाला. शाळेला नको होता म्हणून नाही, आईला त्याने काहीतरी शिकायला हवं होतं म्हणून.

कागदपत्रांकडे येते. असेसमेंट खारघरला करून घेतलं, तिथे एनआयईपीआयडीचं रिजनल सेंटर आहे, १९८४ साली सिकंदराबादला सुरू झालेली ही बौद्धिक दिव्यांगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था, जुने लोक तिला अजून एनआयएमएचच म्हणतात. ऑटिझमसाठी आपल्याकडे आयएसएए नावाची स्केल वापरतात. ४० प्रश्न असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २०० मध्ये स्कोअर येतो. ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. पिल्लूचा आला ११२. बोलत नाही म्हणून प्रश्नोत्तरांची बुद्धिमत्ता चाचणी घेता येईना, मग व्हाइनलँड केली, त्यात मुलाला न विचारता आईला विचारतात की तो घरी काय काय करतो, आणि त्यावरून सामाजिक वय काढतात. ते आलं साधारण तीन वर्षांचं.

आता दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज टाकला, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि मग सरकारी हॉस्पिटलची तारीख. या हॉस्पिटलमध्ये मानसशास्त्रज्ञ आठवड्यातून एकच दिवस बसायचे, तीन खेपा झाल्या, दोन वेळा तर रांगेतून परत. तिसऱ्या वेळी आजी पण आली होती आणि पिल्लूने कॉरिडॉरमध्ये लोळण घेतली तेव्हा लोक बघायला लागले, आजीने पदर डोक्यावरून पुढे ओढला. त्या दिवशीचं तिचं तोंड माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

बाबांनी तिथे मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ४० टक्केच लिवायला सांगा ना, कमी असलं तर बरं दिसतं." खूप बाप हेच विचारतात. त्यांना वाटतं टक्के म्हणजे शिक्का, जेवढा कमी तेवढं मूल बरं. मी सांगितलं की टक्के कमी लिहून पिल्लू बदलणार नाही, फक्त त्याला लागणारी मदत कागदावर कमी दिसेल, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी हाच कागद बघतात. आले ७० टक्के. कार्ड पिवळ्या पट्टीचं, ४० च्या खाली पांढरी असते आणि ८० च्या घरात गेलं की निळी. सर्टिफिकेटवर पुन्हा तपासणी दहाव्या वर्षी लिहिलीये, ती तारीख मी आईच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये तिथेच टाकून दिली.

शाळा शोधताना मी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून मान्यताप्राप्त विशेष शाळांची यादी घेतली. हे सांगते कारण मधल्या काळात बाबा एका ‘सेंटर’ला जाऊन आले होते. चकाचक जागा, एसी, भिंतीवर कार्टून, महिन्याची फी ऐकून मीच गप्प झाले, आणि ते लोक स्वतःला शाळा म्हणत होते. मी बाबांना दोनच गोष्टी विचारून यायला सांगितल्या. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे दिव्यांगांसाठी संस्था चालवायला नोंदणी प्रमाणपत्र लागतं, ते दाखवा, आणि शिकवणाऱ्यांचे आरसीआयचे नंबर द्या. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिच्या रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. दोन्हीवर उत्तर आलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’. तिथे विषय संपला. थेरपी सेंटरला माझा विरोध नाही, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी लागतेच, वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे त्याची माहिती पण मी यांना दिली होती, पण थेरपीचा एक तास म्हणजे शाळा नव्हे, आणि शाळा म्हणून पैसे घ्यायचे तर शाळेचे कागद पाहिजेत.

पहिला अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला गेला, एका अनुदानित शाळेत. फॉर्म चार पानांचा. तिसऱ्या पानावर हो/नाही चे रकाने. स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, टॉयलेट ट्रेन्ड आहे का, सूचना समजतात का, आक्रमक आहे का. बाबांनी बसून सगळा भरला, टॉयलेटपुढे ‘हो’, जेवतो का ‘नाही’, कपडे ‘नाही’, सूचना ‘हो’. मी रिपोर्ट आणि सर्टिफिकेटच्या झेरॉक्स लावण्यात गुंतले होते, तिसरं पान वरवर बघितलं आणि पुढे सरकवलं.

ट्रायलला बोलावलं तीन दिवस. दुसऱ्या दिवशी पिल्लूने वर्गात कपडे ओले केले, आणि नंतर परत एकदा. बाईंनी आईला बोलावून फॉर्म समोर ठेवला. इथे तर हो लिहिलंय. आईला काय बोलावं कळेना, ती रडायला लागली, बाईंना वाटलं लपवलं होतं. सांगितलं, तयारी करून पुढच्या वर्षी या.

मी रागाने फोन करणार होते त्या शाळेला. मग आईला विचारलं की नक्की घरी काय होतं, सांगा. तर म्हणाली, घरी कधीच ओले होत नाहीत मॅडम, मी त्याच्या उभं राहण्यावरून ओळखते आणि नेते. म्हणजे बाबांचा ‘हो’ त्यांच्या दृष्टीने शंभर टक्के खरा होता. पिल्लू सांगत नाही, आई वाचते. आई सोबत आहे तोवर चड्डी कोरडी. शाळेत त्याचं उभं राहणं वाचणारं कोणी नव्हतं आणि फॉर्ममध्ये ते लिहायला जागा नव्हती. आणि हे विचारायचं काम माझं होतं, मी ते केलं नव्हतं.

शाळेचं वागणं मला आजही पटत नाही. ट्रायल मुलाला कुठल्या गटात बसवायचं हे ठरवायला असते, बाहेर ठेवायला नसते. विशेष शाळाच जर म्हणायला लागली की आधी शिकवून आणा तर त्या आईने जायचं कुठे. पण माझ्या बाजूची चूक पण तेवढीच खरी आहे.

मग आम्ही परत बसलो, त्यांच्या घरी, जमिनीवर, आणि मी माझी एफएसीपीची यादी काढली, मुलाला रोजची कोणती कामं किती मदतीने जमतात ते तपासायची. ही यादी पण याच एनआयएमएचने बनवलेली, आपल्याकडच्या बौद्धिक अक्षम मुलांच्या बऱ्याच शाळा हीच वापरतात. प्री-प्रायमरीपासून प्री-व्होकेशनलपर्यंत (म्हणजे कामधंद्याच्या पूर्वतयारीपर्यंत) गट आहेत, एका गटातलं ८० टक्के जमलं की मूल पुढच्या गटात. पण मला तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ च्या मध्ये ती काय काय लिहू देते. स्वतः करतो. अधूनमधून खूण केली तर करतो. तोंडी सांगितल्यावर करतो. हात धरून करवून घेतलं तर करतो. आणि शेवटचा एक, एनई, म्हणजे संधीच मिळालेली नाही.

आई प्रत्येक ओळीला म्हणायची, "जमत नाही मॅडम." ग्लासने पाणी? जमत नाही. ताट उचलून ठेवणं? जमत नाही. चप्पल? नाही. दहाव्या-बाराव्या ओळीला मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कधी करायला दिलंय का? ती गप्प. मग हळूच म्हणाली की ग्लास दिला तर सांडतो, म्हणून बाटली. चपला मीच घालते, जिन्यात लोक थांबतात ना. ताट कधी दिलंच नाही, स्टीलचं आहे, आपटलं तर खालचे ओरडतात. दोन खोल्यांचं घर, वर खाली माणसं, धाकटी रडतेय, नवरा दिवसा झोपणारा, त्यात तिने पाच मिनिटांचं काम पाऊण तास करू द्यायचं कसं. मी तिला दोष दिला नाही आणि कोणी देऊ नये. पण कागदावर ‘जमत नाही’ खोडून ‘संधी मिळाली नाही’ लिहिलं तेव्हा तो कागदच वेगळा दिसायला लागला.

पूर्ण यादीत असे अठरा एनई निघाले. आम्ही त्यातले तीनच घेतले, ग्लास, चप्पल, ताट. रोज एकच वेळ, संध्याकाळी, बाबा उठल्यावर. जानेवारी संपेपर्यंत चप्पल तो स्वतः घालायला लागला, डावी-उजवी चुकते पण घालतो, अर्धा भरलेला ग्लास न सांडता पितो. ताटाला मात्र हात धरावाच लागायचा.

दुसऱ्या शाळेच्या अर्जाला आम्ही फॉर्मसोबत एक जास्तीचं पान जोडलं, वर लिहिलं ‘पिल्लूचा दिवस’. आईने सांगितलं, मी लिहिलं, तिच्याच शब्दांत. थोडा भाग देते:

"सकाळी साडेसहाला उठतो. बाथरूमला जायचं तोंडाने सांगत नाही. लागली की एका पायावरून दुसऱ्या पायावर होतो आणि शर्टाचं टोक धरतो, तेव्हा लगेच न्यायचं. दर दीड तासाने नेलं तर कपडे ओले होत नाहीत. चड्डी स्वतः खाली करतो, वर करताना मागच्या बाजूला मदत लागते. चपाती तुकडे करून दिली तर हाताने खातो, भात भरवावा लागतो कारण चिकटलेला हात त्याला सहन होत नाही. मिक्सर, कुकरची शिट्टी, ट्रेनचा हॉर्न याने घाबरतो, तेव्हा कानावर हात ठेवू द्यायचे, हात ओढायचे नाहीत. ‘बस’, ‘ये’, ‘दे’ कळतं. दोन कामं एकदम सांगितली तर कळत नाही. चिडला की स्वतःच्या मनगटाला चावतो, दुसऱ्याला मारत नाही. गोणीचे दोरे काढायला दिले की शांत होतो."

शेवटचं वाक्य आईला लिहायचं नव्हतं, म्हणाली काय म्हणतील, कचऱ्याशी खेळतो. बाबा म्हणाले राहू दे, आमच्या धंद्याची गोणी हाय ती.

ही शाळा ठाण्याला. ट्रान्सहार्बर लाइनने कोपरखैरण्याहून सरळ ठाणे, गाडी बदलायची नाही. काउंटरवर पहिलं उत्तर आलं की सीट नाहीत, जूनमध्ये बघू, फॉर्म ठेवून जा. मी फॉर्म ठेवून गेले नाही. आवक नंबर आणि शिक्का मारून पोचपावती मागितली, आणि नम्रपणे सांगितलं की जागा नसेल तर तसं लेखी द्या, आम्ही प्रतीक्षा यादीत थांबतो. शिक्का मिळाला. तोंडी ‘नाही’ला तारीख नसते, पुढे कुठेही दाखवता येत नाही, म्हणून हा एक शिक्का मिळवायला अर्धा तास उभं राहावं लागलं तरी राहायचं.

मार्चमध्ये बोलावणं आलं. त्या बाईंनी ‘पिल्लूचा दिवस’ वाचलेला होता, पेन्सिलीने खुणा केलेल्या. ट्रायलच्या पहिल्याच दिवशी त्यांनी दर दीड तासाने त्याला नेलं, आणि टेबलावर सुतळीचा एक गुंडा आणून ठेवला होता. पिल्लू त्याच्याजवळ जाऊन बसला. बाईंनी त्याला गाठ सोडायला दिली, त्याने सोडली, मग दुसरी जरा घट्ट दिली, ती पण. आईला म्हणाल्या, याची बोटं चांगली आहेत हो, पुढे प्री-व्होकेशनलला खूप उपयोगी पडेल. आई दारात उभी होती. सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या मुलाचं काहीतरी ‘चांगलं’ आहे असं म्हणालं, हे तिने मला परतीच्या गाडीत तीन वेळा सांगितलं.

आजीचं राहिलं. आजीचा विरोध शेवटपर्यंत होता. "माझा नातू त्या शाळंत? बोर्डावर मतिमंद लिवलंय." जुन्या शाळांच्या नावात तो शब्द अजून आहे, कायद्यात आता बौद्धिक दिव्यांगत्व म्हणतात, पण बोर्ड काही लगेच बदलत नाहीत आणि आजीला तो वाचता येतो हीच अडचण. मी तिला समजवायला गेले नाही. ॲडमिशनच्या दिवशी तिला सोबत घेऊन गेलो आणि वर्गात बसवलं. तिथे एक मोठी मुलगी सगळ्यांना ताटल्या वाटत होती, तिने आजीला पण एक दिली आणि नमस्कार केला. आजी घरी येऊन काहीच बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पिल्लूचा डबा तिने भरला.

ॲडमिशन पक्की झाल्याचं पत्र हातात आल्यावर, एप्रिलच्या शेवटी, आम्ही जुन्या शाळेतून दाखला काढला. ऑनलाइन नोंदीवरचं नाव पण नव्या शाळेकडे ट्रान्सफर झालंय ना हे तिथल्या क्लार्ककडून बघून घेतलं, कारण ते अडकलं तर मूल दोन्हीकडे अधांतरी राहतं. फी नाही, व्हॅनचा खर्च आहे. पहिले दोन महिने व्हॅनमध्ये सीट नव्हती म्हणून बाबा रात्रपाळी संपवून घरी यायचे आणि पिल्लूला घेऊन दिव्यांग डब्याने ठाण्याला जायचे, हॉर्न वाजला की पिल्लू स्वतःच्या कानावर हात ठेवायचा आणि बाबा त्याच्या हातांवर आपले.

आता तो प्राथमिकच्या पहिल्या गटात आहे. परवा शाळेतून पहिल्या टर्मची एफएसीपी आली, आईने फोटो पाठवला. ताट उचलून ठेवण्यापुढे ‘हात धरून’ खोडून ‘तोंडी सांगितल्यावर’ झालंय. बाथरूमच्या रकान्यात बाईंनी लिहिलंय, शर्टाचं टोक धरून बाईंकडे येतो. निरामय विम्याचा फॉर्म अजून भरायचा बाकी आहे, एक लाखापर्यंतचं कव्हर असतं आणि त्यात थेरपी पण येते, त्यासाठी येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.